दिनानाथने सांगितलेलं इंजेक्शन

दर वर्षी दिवाळी सरली की इस्पितळातल्या सोनल मॅडमचा फोन यायचा आणि दिनानाथ खोटं बोलायचा.

माणूस तसा सरळमार्गी हं. बासष्ट वर्षांत कुणाच्या बांधाला हात लावला नाही की कुणाच्या अध्यात-मध्यात पडला नाही. पण हा एक फोन आला की गडी बेधडक ठोकून द्यायचा.

“आजोबा, आरोही घरीच आहे ना? वजन-उंची घ्यायला येते.”

“हाय ना! इथंच असते ती. आता दोन दिस आत्याकडं गेलीय, बस. तुमी रविवारी या.”

आत्या कसली नि काय कसलं! आरोही, म्हणजे दिनानाथच्या लेकीची लेक, तिकडे श्रीवर्धनला आपल्या आईबापाजवळ सुपारीच्या वाडीत खेळत असायची. तिथून उरणकडच्या या खाडीकाठच्या गावात यायचं तर एसटीत अख्खा दिवस मोडतो. पण फोन ठेवला की दिनानाथ लगेच दुसरा फोन लावायचा, लेकीच्या सासऱ्याला, कोंडाजीला. “व्याही, सरकारी कागद आलाय. पोरीला रविवारी दाखवायची हाय. न्हाय दाखवली तर चौकशी लागते म्हनं.” कागद ना सरकारी होता, ना कसली चौकशी लागणार होती. पण कोंडाजी कागदाच्या नावाने घाबरायचा. शनिवारी दुपारी लेक कल्पिता आणि नात आरोही दारात हजर! पिशवीत नारळ, सुपारी, आणि सासूबाईंनी दिलेले पोह्याचे लाडू.

त्याचं असं झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. कल्पिता सातव्या महिन्यात बापाकडे आली, जवळच्या इस्पितळात तिचं सिझर झालं आणि तिथल्या कागदावर पत्ता लागला तो माहेरचा. सिझरच्या वेळी आईला अँटिबायोटिक दिलेलं असतं, त्याचा मुलांवर पुढे काही परिणाम होतो का, हे त्या इस्पितळाला दहा वर्षं बघायचं होतं. आता एवढी शिकली-सवरलेली माणसं, पण बाळंतीण दोन-तीन महिन्यांत बाळ घेऊन सासरी जाते, हे कागद बनवताना एकाच्याही डोक्यात आलं नाही. सोनल बिचारी वजनकाटा खांद्याला लावून गावोगाव फिरायची आणि दारोदार तिला आजी-आजोबाच भेटायचे. बाळ कुठे पनवेलला, कुठे पेणला, कुठे थेट सुरतेला. ती कपाळाला हात लावायची आणि कागदावर सासरचा पत्ता घालायची. एका दिनानाथच्या कागदावर मात्र दहा वर्षांत खाडाखोड झाली नाही.

का बोलायचा तो खोटं, हे काय सांगायला हवं? पत्ता बदलला असता तर सोनल श्रीवर्धनच्या दवाखान्यात सांगून तिकडेच वजन करवून घेणार होती. मग याच्या दारात कोण येणार होतं?

दिनानाथचं घर म्हणजे एकट्याचं घर. पूर्वी घराच्या पडवीत उभं राहिलं की समोर मिठागर दिसायचं, पार खाडीपर्यंत. उन्हाळ्यात नुसतं पांढरं. डोळे दिपायचे. तो आणि त्याची बायको मैना पहाटेपासून तिथे राबायची. तो वाफ्यातलं मीठ ओढायचा, ती टोपलीने वाहायची. मैनेच्या तळव्यांना मिठाने भेगा पडायच्या. संध्याकाळी ती पाय खोबरेल तेलात माखून पडवीत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायची. तिच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही, खुद्द दिनानाथही नाही. “हा माझा नवरा, मिठागरात राहून अळणी राहिलाय,” असं भर रस्त्यात म्हणायची. लोक हसायचे आणि हासुद्धा हसायचा. ते दिवस आठवले की दिनानाथला अजून वाटतं, सुख म्हणतात ते तेच होतं, आणि तेव्हा आपल्याला कळलंसुद्धा नाही. आता त्या जागी कंटेनर रचलेत, एकावर एक पाच-पाच. गावातली पोरं ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. पडवीतून खाडी दिसत नाही.

कल्पिता जन्मली ती ऐन मिठाच्या हंगामात. मैनेचंही सिझरच झालं होतं. दहाव्या दिवशी ती घरी आली आणि दोनच दिवसांत तिचा टाका चिघळला. अंग तापायला लागलं. शेजारची भागुबाई म्हणाली, “अरे, हिला परत ने.” दिनानाथ म्हणाला, “परवा नेतो.” वाफ्यात मीठ तयार होतं, उचललं नसतं तर भरतीचं पाणी आत घुसलं असतं. मैनाही म्हणाली, “तू जा, मीठ उचल, मला काय धाड भरलीय.” घरी हळद भरत राहिले. तिसऱ्या दिवशी नेली तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. एवढंच. ते मीठ उचललं गेलं, चांगलं पांढरंशुभ्र मीठ होतं, आणि आयुष्यात पुन्हा कधी त्याला त्या वाफ्याकडे सरळ बघवलं नाही.

मग लेकीला याने वाढवली. दूध भागुबाईने पाजलं, आपल्या मुलाबरोबर. बाकी आंघोळ, धुरी, काजळ, लंगोट, सगळं हा करायचा. गाव म्हणायचं, “दिनानाथ बाळंतीण झालाय रे!” म्हणेना का. तो टोपलीत गोधडी घालून पोरीला मिठागरावर न्यायचा आणि झापाच्या सावलीत ठेवून कामाला लागायचा. ती रडली की लांबून ओरडायचा, “आलो गं बाय माझी, आलो!” आणि खाऱ्या हातांनीच उचलायचा. कल्पिता मोठी झाल्यावर सांगायची, “मला आईचा वास माहीत नाही, मला मिठाचा माहीत आहे.” हसत सांगायची, पण दिनानाथला ते हसण्यावारी नेता यायचं नाही.

तर अशा माणसाची लेक बाळंतपणाला आली. कळा देऊन देऊन थकली, बाळ काही खाली सरकेना. जावई प्रज्योत श्रीवर्धनहून निघालेला, वाटेत कुठेतरी. डॉक्टर सुचिता बाहेर आल्या आणि नीट समजावून सांगू लागल्या. सिझर करावं लागेल. टाका पिकू नये म्हणून आईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन असतं. काही ठिकाणी ते नाळ कापल्यावर देतात, म्हणजे बाळाला लागत नाही. पोट उघडायच्या आधी दिलं तर आईला जास्त चांगलं, पण थोडं औषध नाळेतून बाळाकडेही जातं. अशा मुलांवर आम्ही पुढे लक्ष ठेवतोय, कल्पिताने हो म्हटलंय, तुम्ही पत्ता सांगा आणि साक्षीदार म्हणून सही करा.

दिनानाथने यातलं अर्धंच ऐकलं. ‘टाका पिकू नये’ एवढं त्याच्या कानात शिरलं. त्याने डॉक्टरबाईंचा हातच धरला. “आधी द्या. आत्ताच्या आत्ता द्या. बाळाचं मागनं बघू. माझ्या लेकीला आधी द्या!”

बाळाचं मागनं बघू. हे शब्द त्याच्या तोंडून गेले. टाका सुकला, कल्पिता आठव्या दिवशी घरात हिंडू लागली, आणि गुटगुटीत आरोहीला मांडीवर घेऊन दिनानाथ तेही शब्द विसरून गेला.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. सोनल यायची, काटा मांडायची, आरोही त्याच्यावर बसायला मागायची नाही. आजोबा आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे, मग ती. एकदा तर सोनलने घाईत आजोबांचंच वजन आरोहीच्या रकान्यात भरलं. दोन वर्षांची पोर, वजन एकावन्न किलो! ऑफिसातून फोन आला तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. पोरीची उंची दिनानाथ दाराच्या चौकटीवर खिळ्याने ओरखडायचा. सोनलला चहा, नाष्टा, वर ताजे बोंबील बांधून. ती गेली की चार दिवस लेक आणि नात घरात. घरात बाईमाणसाचा आवाज घुमायचा. भागुबाई काठी टेकत यायची आणि आरोहीला आपल्या दुधाच्या लेकीची लेक म्हणून मिरवायची.

तिसऱ्या वर्षी आरोहीच्या छातीत घरघर सुरू झाली. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग डॉक्टरांनी बाळदमा सांगितला आणि पंप दिला. कोपराच्या खोबणीत लाल चट्टे उठायचे, पोर खाजवून रक्त काढायची.

त्या वर्षी सोनल पडवीत बसून नेहमीसारखे प्रश्न वाचत होती. श्वास घेताना घरघर होते का? धाप लागून रात्री उठते का? अंगावर चट्टे आहेत का? कल्पिता एकेकाला “हो” म्हणत गेली, आणि दिनानाथच्या हातातला कप तसाच राहिला. हेच प्रश्न सोनल पहिल्या वर्षापासून विचारत होती. तेव्हा उत्तर ‘नाही’ असायचं म्हणून त्याने कधी कान दिला नव्हता. म्हणजे यांना आधीपासून ठाऊक होतं! इंजेक्शनाने हेच होतं, म्हणून तर हेच विचारतात! नाहीतर एवढ्या लांब काटा घेऊन कोण येतं?

आता तुम्ही-आम्ही म्हणू, अरे बाबा, विचारलं म्हणजे झालंच असं थोडंच असतं! पण दिनानाथला ते कोण सांगणार? त्याने कुणाला विचारलंच नाही. बाळाचं मागनं बघू, असं तो म्हणाला होता, आणि ते मागनं आता त्याच्या पडवीत बसून पंप ओढत होतं. त्याचं काळीज पार कुरतडून गेलं. एकदा मीठ उचलण्यापायी बायको गेली, आणि आता लेकीच्या मायेपायी नातीचा श्वास गेला. आपण ज्याला हात लावू त्याचं वाटोळं, असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं.

आणि तरी पुढच्या वर्षी फोन आला तेव्हा तो खोटं बोललाच. “हाय ना, इथंच असते.” पोरीला बघितल्याशिवाय राहवत नव्हतं आणि बघितलं की तिची घरघर ऐकवत नव्हती, अशी सात वर्षं गेली. कल्पिताला सांगावं असं त्याला दर वर्षी वाटायचं. ती निघायच्या दिवशी तो तिची पिशवी धरून नाक्यापर्यंत जायचा, तोंड उघडायचा आणि म्हणायचा, “पंप घेतलास ना?” ती म्हणायची, “घेतला, बाबा.” एसटी निघून जायची.

एवढी एकच पोर आहे आपल्याला. तिने तोंड फिरवलं तर? हीच एक भीती.

यंदा दहावं वर्ष. सोनलचा फोन आला तो वेगळाच. “आजोबा, ही शेवटची तपासणी. या वेळी सगळ्यांना इस्पितळातच बोलावलंय. डॉक्टर मॅडम स्वतः सांगणार आहेत काय दिसलं ते.”

दिनानाथ त्या दिवशी खोटंसुद्धा नीट बोलला नाही. “आणतो,” एवढंच म्हणाला.

इस्पितळाच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं, पोरं इकडून तिकडे धावतायत, खुर्च्या ओढल्याचा आवाज. आरोहीने श्वास मोजायच्या नळीत फुंकर मारून दाखवली. आकडा बघून सोनल म्हणाली, “गेल्या वर्षीपेक्षा किती छान!” मग डॉक्टर सुचिता उभ्या राहिल्या. केस पिकले होते, पण बोलणं तसंच, सावकाश. त्या म्हणाल्या, “आपल्याकडच्या काही मुलांच्या आईला इंजेक्शन आधी मिळालं, काहींच्या आईला नाळ कापल्यावर. दोघांमध्ये दमा, चट्टे, वजन, कशातच म्हणावा असा फरक आम्हाला दिसला नाही. पण आपली मुलं थोडी आहेत. इतक्यांवरून इतकंच सांगता येतं. एखाद्या मुलाला दमा नेमका कशाने झाला, हे मी काय, कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही.”

दुसरा कुणी असता तर इथे त्याचा जीव भांड्यात पडला असता. दिनानाथने मात्र शेवटचं वाक्य तेवढं उचललं. कुणीच सांगू शकणार नाही! तो ताडकन उठला. सगळ्यांसमोर, कल्पितासमोर.

“डॉक्टरबाई, माझ्या नातीला माझ्यामुळं झालं. मी तुमचा हात धरून सांगितलं व्हतं, इंजेक्शन आधी द्या. बाळाचं मागनं बघू म्हनलो. तुमी दोन्ही सांगितलं व्हतं, मी निवडलं.”

डॉक्टरबाईंनी सोनलकडून कल्पिताचा जुना कागद मागवला, चष्मा लावला आणि वाचला.

“दिनानाथकाका, तुमच्या लेकीला इंजेक्शन तीन चाळीसला दिलंय. तुमची सही चारला पाच कमी असताना आहे. मी बाहेर आले तेव्हा ते देऊन झालं होतं. इंजेक्शन कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, बाहेर बसलेल्या माणसाला विचारून देत नाहीत. तुमच्याकडून आम्ही फक्त पत्ता घेतला हो!” त्या मायेने हसल्या. “आणि घरात आधी कुणाला दमा आहे का?”

“सासऱ्यांना आहे,” कल्पिता म्हणाली. “लहानपणापासून.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी “बघा, उगाच बिचारा!” म्हणालं. सोनल त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत होती. दिनानाथ खाली बसला, आणि त्याला कसं वाटलं सांगू? हलकं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र भलतंच. म्हणजे आपण काहीच केलं नव्हतं. वाईट केलं नव्हतं हे ठीक. पण तो हात धरून केलेला आकांत, त्याचाही काही उपयोग झाला नव्हता. मैनेच्या वेळी करायला हवं होतं ते केलं नाही, आणि लेकीच्या वेळी केलं असं वाटलं, तर तेही कुणी ऐकलंच नव्हतं. सात वर्षं जे ओझं वागवलं ते आपलं नव्हतंच म्हणे. त्याला धड रडता येईना.

बाहेर पिंपळाखाली बाक होता. आरोही बाकीच्या मुलांबरोबर पळापळी खेळत होती. कल्पिता येऊन बापाशेजारी बसली. चेहरा लालबुंद. दिनानाथने ओळखलं, पोरगी चिडलीय.

“सात वर्षं?” ती म्हणाली. “सात वर्षं तू हे पोटात ठेवलंस? मला नाक्यावर सोडायला यायचास आणि पंप घेतलास का विचारायचास! वेडा आहेस का रे बाबा तू?”

“तू तोंड फिरवशील असं वाटलं.”

“तुझ्यापासून?”

तेवढ्यात पळता पळता आरोहीला धाप लागली. ती थांबली, वाकली आणि “आई!” म्हणून ओरडली. कल्पिता उठून गेली, पंप दिला, पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. दोन-चार मिनिटांत पोर पुन्हा पळायला मोकळी. कल्पिता परत आली तेव्हा तिचा राग निवला होता.

“ऐकलंस?” ती म्हणाली. “दम लागला की ती आई म्हणून ओरडते. मी असं कधी ओरडले का?”

“न्हाय,” दिनानाथ म्हणाला. “तू बाबा म्हनून ओरडायचीस.”

“कारण आई नव्हती. तिला आहे. टाका पिकला नाही म्हणून आहे. दमा काय, पंपाने आवरतो. आई नसती तर ते कशाने आवरणार होतास?” ती थांबली नाही. “आणि त्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या, तीन चाळीस, चारला पाच कमी, ते त्यांच्या कागदावर राहू दे. आरोही मला विचारेल तेव्हा मी सांगणार, माझ्या बापाने डॉक्टरांचा हात धरला, आधी माझ्या लेकीला द्या म्हणाला, म्हणून तुला आई आहे. मी हेच सांगणार. कळलं?”

दिनानाथने मान हलवली. मैना गेली तेव्हा मिठाचं काम होतं, पोर लहान होती, रडायला सवड नव्हती. आज होती. तो लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडला, आणि येणारी-जाणारी माणसं बघत होती तरी कल्पिता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.